मुलाचे मन कोण वाचणार?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या वस्तीतील विहारात मुलांना कोरे कागद आणि रंगखडू दिले. ‘आपली शाळा काढा’ असे सांगितले. चौथीतल्या एका मुलाने वर्ग काढला, फळा काढला, बाई काढल्या, बाके भरून मुले काढली. स्वतःला मात्र दाराबाहेर उभे केले.

आईला विचारले. ती म्हणाली, “वकीलसाहेब, पोरगं घरी काही सांगत नाही. आम्ही फी भरतो, डबा देतो, शिकवणी लावली. आणखी काय करायचं?” चौकशीत कळले की, गृहपाठ अपुरा म्हणून त्याला कित्येक दिवस वर्गाबाहेर उभे केले जात होते. जी तक्रार माझ्यापर्यंत कधीच आली नसती, ती एका चित्राने केली.

त्या माउलीचा दोष नाही. पोटाला चिमटा घेऊन मुले शिकविणारा हा समाज आहे. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर चळवळीनेच द्यायला हवे.

जातिव्यवस्था पोटावर मारते आणि मनावरही मारते. बाल भीमरावांना शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले. तहान लागली तरी नळाला हात लावता आला नाही. आई भीमाबाई लवकर गेल्या. त्यांना सावरले ते आत्या मीराबाईंच्या मायेने आणि पुस्तकांसाठी मुलींचे दागिने गहाण टाकणाऱ्या सुभेदार रामजींनी. पुढे बाबासाहेब व्हायोलिन शिकले, हे आपण कौतुकाने सांगतो. आपल्या मुलाने ढोलकी हाती घेतली की मात्र ‘अभ्यास कर’ म्हणून ती हिसकावतो!

तथागतांनी राहुलला खोटे बोलण्याचे दुष्परिणाम समजावले, तेव्हा छडी उगारली नाही. भांड्यात थोडे पाणी ठेवले, ते ओतून टाकले, भांडे उपडे केले आणि मुलाला विचार करायला लावले. बालसंगोपनाचा धम्ममार्ग तो हाच.

कायदाही हेच सांगतो. संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये बालकांच्या निकोप, स्वतंत्र व प्रतिष्ठापूर्ण विकासाचे तत्त्व आहे. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम ३१ ने खेळ आणि कला हा मुलांचा हक्क मानला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई करते आणि कलम २९ भयमुक्त, कृतीतून शिक्षणाची अपेक्षा ठेवते. म्हणजे प्रेम आणि खेळ ही श्रीमंतांची चैन नव्हे, आपल्या लेकरांचा हक्क आहे.

१४ एप्रिलला आपण चिमुकल्यांकडून पाठ केलेली भाषणे म्हणवून घेतो, टाळ्या वाजवतो. त्यांना स्वतःला काय वाटते, हे कधी विचारतो का?

म्हणून समाजबांधवांना विनंती आहे. प्रत्येक विहारात आठवड्यातील एक संध्याकाळ मुलांना द्या. चित्रे, गाणी, गोष्टी, मातीकाम असू द्या. गुण नकोत, पहिला नंबर नको. मोठ्यांनी फक्त ऐकावे. अंगणवाडीत खिचडी मिळते की नाही हे पाहता, तसे तिथे खेळणी कपाटात कुलूपबंद तर नाहीत ना, हेही पाहा. आणि घरी रोज दहा मिनिटे मुलाजवळ बसून विचारा, ‘आज शाळेत काय झालं, बाळा?’

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आहे. परंतु भेदरलेले मूल शिकत नाही, ते फक्त गप्प बसते. आणि गप्प बसणारी पिढी उद्या संघर्ष कसा करणार?