शेतकऱ्याच्या खांद्याचे माप कोण घेणार?



रानडुकरांचा विषय काढला की शहाणी मंडळी आम्हाला उपाय सांगतात. बांधावर जुन्या साड्या बांधा, न्हाव्याकडून केस आणून टाका, रात्रभर डबे वाजवा. हे सारे आम्ही केले. डुकरे चार दिवस बिचकली आणि पाचव्या दिवशी साड्यांखालून आत शिरली. भुईमूग उकरून खाल्ला, मका आडवा केला. काही जणांनी चिडून तारेत थेट 230 व्होल्ट सोडले, त्यात शेजारचा माणूस गेला. बंदुकीचे नाव मात्र कुणी काढायचे नाही. काढले की आम्ही लगेच शिकारी ठरतो.

आज बंदुकीविषयीच बोलू. बंदूक द्या की देऊ नका, हा वाद जुना झाला. शेतकऱ्याने वापरायची बंदूक कशी असावी, ती कुणी बनवावी आणि तो बनवणारा कुणी निवडावा, हे आम्हाला विचारायचे आहे.

या देशात मापाने बनवलेली बंदूक कधी आलीच नाही असे नाही. संस्थानिक आणि गोरे साहेब लंडनला हॉलंड अँड हॉलंड किंवा रिग्बीकडे मागणी नोंदवत. तिथला कारागीर गिऱ्हाइकाच्या हाती हलत्या सांध्यांची एक खोटी बंदूक देई आणि तिच्यावरून माप घेई. खांद्यापासून चापापर्यंत किती अंतर, गाल दस्त्यावर कुठे टेकतो, मान किती झुकते, हे सारे तो टिपून ठेवी. दोन नळ्यांची रायफल असेल तर दोन्ही गोळ्या एकाच ठिकाणी लागेपर्यंत नळ्यांचा जोड सोडवून पुन्हा पुन्हा जुळवी. हिंदुस्थानच्या उन्हात कॉर्डाइट दारूचा दाब वाढतो म्हणून इकडे येणारी काडतुसे कमी दारूची भरली जात. जिम कॉर्बेटने 1907 साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा त्याला बक्षीस मिळालेली .275 रायफल रिग्बीचीच होती. साहेबाच्या खांद्याचे माप घ्यायला आणि इकडच्या उन्हाचा विचार करायला सातासमुद्रापलीकडे माणूस बसलेला होता.

आता शेतकऱ्याच्या वाट्याला काय आले ते पाहा. शस्त्र कायदा 1959 चा. त्याच्या कलम 13 च्या पोटकलम 3 मध्ये पीकसंरक्षणाचा उल्लेख आहे, आणि त्यासाठी कायद्याने नेमून दिलेली बंदूक आहे ठासणीची! ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. रायफलचे नाव त्या तरतुदीत नाही. ती हवी तर वेगळे कारण दाखवा आणि साहेबाच्या मर्जीवर बसा.

ठासणीची बंदूक ज्याने पावसाळ्यात वापरली आहे त्याला जास्त सांगायला नको. दारू ओतायची, गजाने ठासायची, छर्रे घालायचे, टोपी बसवायची आणि मग देवाचे नाव घ्यायचे. दारू सर्दावली तर नुसता घोडा आपटतो. बार निघालाच तर तो एकच. कळपातले एक डुक्कर जखमी होते आणि जखमी डुक्कर माणसावर येते. मक्याच्या आणि भुईमुगाच्या राखणीचे दिवस ऐन पावसाचे, हे कायदा करणाऱ्यांना कुणी सांगितले नसावे.

कारागिराचीही हीच गत. 1956 च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रे आणि दारूगोळा सरकारसाठी राखून ठेवला. तो 2001 साली खासगी कारखानदारीला खुला झाला. मधली 45 वर्षे रायफल म्हणजे सरकारी कारखान्याची. ईशापूरची .315 जशी येईल तशी घ्या, खांद्याला बसो न बसो. मुंगेरला पिढ्यान्पिढ्या बंदुका घडवणारे कारागीर होते, त्यांना गुळगुळीत नळीच्या बंदुकांचा कोटा ठरवून दिला. आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे. खतांच्या आणि साखरेच्या कोट्याने काय केले ते आम्ही पाहिले आहे. कोट्यात कारागिरी वाढत नाही. हुशार हात धंदा सोडतात, नाहीतर चोरवाटेला लागतात.

ती चोरवाट आमच्याही गावांतून जाते. नळाच्या पाइपाची गावठी बंदूक स्वस्तात मिळते, म्हणून तिच्या नादी लागू नका. त्या नळीची दाबाची चाचणी झालेली नसते. ती फुटली की मागे धरलेला हात आणि डोळा जातो. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवण्याला किमान 7 वर्षांची सजा आहे.

मग कारागीर कसा पारखावा? भाव सांगण्याआधी तो प्रश्न विचारतो का, हे पाहावे. कोणते जनावर? किती अंतरावरून? मचाणावरून की जमिनीवरून? जनावराच्या मागे काय आहे, टेकडी की वस्ती? हा शेवटचा प्रश्न जो विचारत नाही, त्याच्या दुकानाची पायरी उतरावी. बारा बोअरचा छर्रा तीस-चाळीस मीटरच्या पुढे भरवशाचा नाही. रायफलची गोळी मात्र किलोमीटरच्याही पुढे जाते आणि आपल्याकडे शेजारच्या रानात माणूस राखणीला झोपलेला असतो. मचाणावरून खाली, मातीत जाईल असाच नेम हवा. सपाट रानात रायफल नको, असे सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारा कारागीर आम्हाला हवा आहे. त्याने नळीवरचा चाचणीचा शिक्का दाखवावा, बंदूक आपल्यासमोर कागदावर मारून द्यावी, आणि पुढच्या मोसमात चाप अडकला तर तो जिल्ह्यातच सापडावा. आमच्या जिल्ह्यात आज असा परवानाधारक दुरुस्तीवाला एकही उरलेला नाही. बंदूक बिघडली की पेंढ्यात पडून राहते.

कुणी म्हणेल, बंदुका वाटल्या तर जंगल साफ होईल. घरोघरी रायफल आम्ही मागतच नाही. शिकारीचा शौक 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद केला, तो बंदच राहू द्या. पण त्याच कायद्याच्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाला धोका असलेले जनावर मारण्याची परवानगी देता येते. केरळने 2022 साली ते अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले आणि परवानाधारक नेमबाजांच्या याद्या केल्या. आमच्याकडे परवानगीचा कागद हाती पडेपर्यंत सोंगणी झालेली असते! पाच-सहा गावांमागे दोन-तीन शिकवून तयार केलेले नेमबाज, त्यांच्या खांद्याला बसणारी योग्य बंदूक आणि ती राखणारा परवानाधारक कारागीर, यात जंगल कुठे साफ होते?

निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करण्याचे फर्मान सुटते, तेही बहुधा पीक उभे असताना. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 साली सांगितले की सरसकट जमा करू नका, प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करा. हा निकाल ठाण्यात दाखवायला लागतो. त्याची प्रत बैठकीत मिळेल.

येत्या जिल्हा बैठकीत कलम 13 खाली किती अर्ज पडून आहेत, किती बंदुका बिघडून पडल्या आहेत आणि जमा केलेल्या किती परत आल्या नाहीत, याची गाववार यादी करून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायची आहे. परवान्याचे पुस्तक आणि अर्जाची पोच सोबत आणावी. बंदूक घरी ठेवून यावे.