उत्सव आणि अभ्यास : कृष्णवर्णीय इतिहास महिन्याची जन्मकथा

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत फेब्रुवारी महिना ‘कृष्णवर्णीय इतिहास महिना’ म्हणून साजरा होतो. व्याख्याने होतात, ग्रंथप्रदर्शने भरतात, गाणी गायिली जातात, आजी-माजी विद्यार्थी सहभोजनाला एकत्र बसतात. हे पाहून काही जण विचारतात, एका समाजासाठी वेगळा महिना कशाला? इतिहास सर्वांचाच असतो. प्रश्न वरवर निर्मळ दिसतो. इतिहासाचा अध्यापक म्हणून मला तो उलटा विचारावासा वाटतो : उरलेल्या अकरा महिन्यांत वर्गात कोणाचा इतिहास शिकवला जात होता?

या प्रथेचे मूळ डॉ. कार्टर वूडसन यांच्यापाशी आहे. त्यांचा जन्म १८७५ चा; आईवडील गुलामगिरीतून मुक्त झालेले. तरुणपणी त्यांनी कोळशाच्या खाणीत काम केले. वयाच्या विशीत ते माध्यमिक शाळेत दाखल झाले आणि १९१२ मध्ये हार्वर्डची इतिहासातील डॉक्टरेट मिळवून बाहेर पडले. १९१५ मध्ये त्यांनी शिकागो येथे आपल्या समाजाच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली, पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक काढले आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १९२६ मध्ये, ‘निग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला. हा क्रम नीट लक्षात घ्यावा. आधी संस्था, मग नियतकालिक आणि सर्वांत शेवटी उत्सव. अब्राहम लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांचे जन्मदिवस ज्या आठवड्यात येतात तो आठवडा समाज आधीपासूनच पाळत होता, म्हणून त्यांनी तोच निवडला. वर्षभर वर्गात जे शिकले ते मुलांनी या सप्ताहात समाजापुढे मांडावे, एवढाच त्यांचा हेतू. सप्ताहाच्या निमित्ताने उगवणाऱ्या, स्वतः काही न वाचलेल्या वक्त्यांचा त्यांना मनस्वी राग येई. जयंतीची व्यासपीठे पाहिलेल्या वाचकांना हा राग समजावून सांगण्याची गरज नाही.

सप्ताहाचा महिना केला तो विद्यार्थ्यांनी. ओहायो राज्यातील केंट स्टेट हे बहुसंख्य श्वेतवर्णीयांचे विद्यापीठ. तेथे १९६८ मध्ये ‘ब्लॅक युनायटेड स्टुडंट्स’ ही संघटना काम करू लागली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराचे पोलीस भरतीसाठी विद्यापीठात आले. ओकलंड म्हणजे ‘ब्लॅक पँथर’चे जन्मस्थान, त्या पोलिसांची कीर्ती विद्यार्थ्यांना ठाऊक होती. त्यांनी विरोध केला. प्रशासनाने कारवाईचा इशारा दिला तेव्हा शेकडो कृष्णवर्णीय विद्यार्थी विद्यापीठाचा परिसर सोडून निघून गेले आणि कारवाई होणार नाही हे स्पष्ट झाल्यावरच परतले. काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९६९ मध्ये, विद्यार्थी आणि कृष्णवर्णीय अध्यापकांनी महिनाभराच्या कार्यक्रमाचा प्रस्ताव मांडला. २ जानेवारी ते २८ फेब्रुवारी १९७० या काळात तो प्रथम साजरा झाला. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी या महिन्याला मान्यता दिली खरी, परंतु हा महिना सरकारने दिलेला नाही.

त्याच वर्षी, ४ मे १९७० रोजी, केंट स्टेटमध्येच युद्धविरोधी निदर्शनांवर नॅशनल गार्डने गोळीबार केला आणि चार विद्यार्थी मरण पावले. ही घटना जगाला माहीत आहे. तिचे छायाचित्र पाठ्यपुस्तकांतही आढळते. अवघ्या अकरा दिवसांनी, १५ मे रोजी मध्यरात्रीनंतर, मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर गोळ्यांचा वर्षाव केला. चारशेहून अधिक गोळ्या. फिलिप गिब्ज हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी आणि जेम्स ग्रीन हा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा ठार झाले. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आपल्या मुलींनी ही ओळ पुन्हा एकदा वाचावी. महिना तोच, देश तोच, गोळीबार तसाच. स्मरण मात्र सारखे नाही. वेगळा महिना कशाला, या प्रश्नाला माझ्यापाशी याहून चांगले उत्तर नाही.

बाबासाहेबांना हा विषय परका नव्हता. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात शिकले. कृष्णवर्णीयांची हार्लेम ही वस्ती तेथून हाकेच्या अंतरावर. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. निग्रोंच्या प्रश्नाचा आपण अभ्यासक आहोत असे सांगून, अस्पृश्यांच्या आणि त्यांच्या स्थितीतील साम्य नोंदवून, संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या निग्रोंच्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागविल्या. ड्युबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. हा पत्रव्यवहार आज आपल्याला वाचता येतो तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने ड्युबॉइस यांची कागदपत्रे जपून ठेवल्यामुळे. तेथील ग्रंथालयाला ड्युबॉइस यांचेच नाव आहे. वारसा साजरा करण्याची ही रीत मला मिरवणुकीपेक्षा अधिक भावते. तिला वाद्ये लागत नाहीत, पण जागा, पैसा आणि पगारी ग्रंथपाल लागतो.

आणि नेमके तेच काढून घेतले जात आहे. युटा राज्यात २०२४ मध्ये नवा कायदा लागू झाला आणि युटा विद्यापीठाने २०१९ मध्ये उघडलेले कृष्णवर्णीय सांस्कृतिक केंद्र बंद केले. टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांतही अशाच कायद्यांनी विद्यापीठांतील कार्यालयांना कुलपे लागली. फेब्रुवारीवर मात्र कोणी बंदी घातलेली नाही. महिना ठेवून खोली काढून घेणे सत्तेला परवडते, कारण महिनाभराचा उत्सव सहन करता येतो. बारा महिने चालणारा अभ्यास प्रश्न विचारतो. मला निवड करावी लागली तर मी खोली मागेन. वूडसन यांनी संस्थेच्या बळावर सप्ताह उभा केला; सप्ताहाच्या बळावर संस्था टिकल्याचे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

केंट स्टेटमध्ये एक इमारत ऑस्कर रिची यांच्या नावाने ओळखली जाते. समाजशास्त्राचे हे अध्यापक १९४७ मध्ये त्या विद्यापीठात नेमले गेलेले पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक. आफ्रिकी वंशाच्या लोकांचा इतिहास व संस्कृती शिकवणारा विभाग त्याच इमारतीत भरतो, आणि त्याचे वर्ग फेब्रुवारीची वाट पाहत नाहीत.