ओहोटीचे वेळापत्रक

मुंबई ही सात बेटांची नगरी होती आणि समोरच्या किनाऱ्यावरील उरण हेही एके काळी करंजा बेट म्हणूनच ओळखले जात असे, ह्याचे विस्मरण आज बहुतेकांस झाले आहे. भराव पडले, पूल झाले, रूळ आले आणि बेटांचे बेटपण सरले. परंतु भाऊचा धक्का आणि मोरा बंदर यांच्या दरम्यान लाँचने रोज ये-जा करणाऱ्या चाकरमान्यास हे विस्मरण परवडत नाही. त्याची नोकरीची वेळ कचेरीतील घड्याळ ठरविते. प्रवासाची वेळ मात्र आजही पंचांगातील तिथी ठरविते. ह्या विसंगतीकडे आम्ही राज्यकर्त्यांचे लक्ष वेधू इच्छितो.

अडचण समुद्राची नाही, गाळाची आहे. मोरा बंदरात साचणाऱ्या गाळामुळे मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्यास लागण्यापुरते पाणी उरत नाही आणि वाहतूक काही तास बंद पडते. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मध्यान्हीच्या आसपास येते. अर्थात पाणी सर्वांत खाली जाते ते सकाळी व सायंकाळी सहा-सातच्या सुमारास. म्हणजे चाकरमानी ज्या वेळी घरून निघतो आणि ज्या वेळी घरी परततो, नेमक्या त्याच वेळी उधाणाच्या दिवसांत बंदर कोरडे पडते! सागराचा हा क्रम काही आजचा नव्हे. उपसलेला गाळ पुन्हा येतो, हे खरे. परंतु म्हणूनच गाळ उपसणे हे बारमाही कर्तव्य ठरते. ते ओरड झाल्यावर करावयाचे उपकाराचे काम नव्हे.

कोणी म्हणेल की, आता सागरी सेतू झाला, रेल्वे आली, मग लाँचचे हे लचांड हवेच कशाला? १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावाशेवा सेतू आणि खारकोपर–उरण लोहमार्ग ह्या दोहोंचेही उद्घाटन झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जवळजवळ २२ किलोमीटरांच्या त्या सेतूवर दुचाकीस आणि रिक्षास मज्जाव आहे, व मोटारीस पथकर आहे. लोहमार्ग उरणकरास नेरूळ-बेलापूरपर्यंत नेतो. पुढे गाडी बदलून, साऱ्या खाडीस वळसा घालून त्याने मुंबई गाठावयाची. लाँच त्याला सुमारे तासाभरात माझगावी उतरविते. आणि त्याच उरण तालुक्यातील घारापुरीचे काय? लेणी पाहावयास जगभरचे प्रवासी तेथे येतात. पण त्या बेटावर समुद्राखालील तारेने वीज पोहोचावयास २०१८ साल उजाडावे लागले. तेथील रहिवाशास ना सेतू, ना लोहमार्ग. शाळा, इस्पितळ, नोकरी, बाजार ह्या सर्वांचा रस्ता पाण्यावरूनच जातो.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक उतारू प्राणांस मुकले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीस नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली आणि १५ जणांचा अंत झाला. दोन्ही दुर्घटनांची कारणे भिन्न; बोध एकच. उतारूंची मोजणी, प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आणि बंदरातील वाहतुकीवर डोळ्यांत तेल घालून देखरेख हे नियम दुर्घटनेचे स्मरण ताजे आहे तोवरच पाळावयाचे नसतात.

हे सारे अशक्य कोटीतील आहे काय? कोचीने एप्रिल २०२३ मध्ये आसपासची बेटे विजेवर चालणाऱ्या नौकांनी जोडण्यास आरंभ केला. तेथील तरते धक्के पाण्याबरोबर वरखाली होतात, त्यामुळे वृद्धासही नौकेत पाऊल टाकणे सुलभ होते. कोचीत भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर, तर मुंबईत उधाणाच्या वेळी तो चार-पाच मीटरांपर्यंत जातो, हे आम्ही विसरत नाही. म्हणून कोचीची नक्कल नको. परंतु तिचा निर्धार तरी उचलावा. मोऱ्याच्या रो-रो धक्क्याच्या मुदती एकामागून एक टळल्या, त्या आता पुरे झाल्या. सागरी मंडळाने बारमाही गाळउपसा हाती घ्यावा, आणि भरती-ओहोटीचे गणित वर्षभर आधी ठाऊक असते तर बदलणाऱ्या वेळा महिनाभर आधी जाहीर कराव्यात. लाँच, रेल्वे आणि बस यांचा एकच मासिक पास निघाल्यास तर सोन्याहून पिवळे!

लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात उतारूंची सोय व्हावी म्हणून धक्का बांधला, आणि लोकांनी त्यांचे नाव आजवर जिभेवर ठेवले. एका गृहस्थाने धक्का दिला. सरकारने निदान त्या वाटेवर पाणी तरी राखावे, एवढीच ह्या चाकरमान्यांची मागणी आहे. ती मोठी आहे, असे आम्हांस वाटत नाही.