पाकिटावरचा आकडा आणि हातातला उजेड



मागच्या पावसाळ्यात लाइट गेली तेव्हा आम्ही घरीच एक टॉर्च करून पाहिली. एलईडीच्या दोन तारा सरळ लिथियम सेलला जोडल्या. असा लख्ख उजेड पडला की मुलांनी टाळ्या पिटल्या. थोड्याच वेळात उजेड निळसर झाला आणि एलईडी कायमचा विझला. मुले म्हणाली, एलईडी खोटा निघाला. एलईडी खरा होता. चूक आमची होती.

ती चूक अशी. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो. हा निळा एलईडी शोधणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा एलईडी सुमारे ३ व्होल्टवर चालतो. जुना तारेचा बल्ब तापला की स्वतःच करंट आवरतो. एलईडीचे उलटे आहे. तो तापला की जास्त करंट ओढतो, आणि पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो. म्हणून दोघांच्या मध्ये एक राखणदार लागतो. त्यालाच ड्रायव्हर बोर्ड म्हणतात.

बोर्ड निवडताना आधी सेल पाहावा. १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा जो सेल १८६५० या नावाने मिळतो, तो एकच वापरायचा असेल तर ७१३५ चिपचा साधा बोर्ड पुरे. त्यावरील प्रत्येक चिप सुमारे ३५० मिलिअँपिअर करंट सोडते. हिशेब सोपा आहे. सेल ३००० मिलिअँपिअर-तासांचा असेल, तर एका चिपवर टॉर्च सुमारे आठ तास चालेल, तीन चिपवर तीन तासांच्या आत उतरेल. आठ चिपचा बोर्ड तासाभरात सेल रिकामा करील आणि टॉर्च हातात धरवणार नाही. रात्रपाळीच्या माणसाला डोळे दिपवणारा उजेड नको असतो, घरी पोहोचेपर्यंत पुरणारा हवा असतो. त्याला एक किंवा दोन चिप पुष्कळ झाल्या.

घड्याळाचे किंवा रिमोटचे एक-दोन छोटे सेल वापरायचे असतील, तर ते ३ व्होल्टला नीट पुरत नाहीत. तिथे व्होल्ट वाढवणारा बूस्ट बोर्ड घ्यावा. दोन लिथियम सेल एकापुढे एक लावले तर ८.४ व्होल्ट होतात. तिथे व्होल्ट उतरवणारा बक बोर्ड लागतो.

आता एलईडी. दुकानदार फक्त लुमेन सांगतो. आपण आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली म्हणजे रंग. ६५०० केल्विनचा उजेड निळसर पांढरा असतो, ४००० चा साधा पांढरा, ३००० चा पिवळसर. दुसरी गोष्ट सीआरआय, म्हणजे त्या उजेडात वस्तूचे रंग किती खरे दिसतात त्याचे माप. ते ९० च्या वर असले तर चांगले. वायरमनला तपकिरी तार कोणती आणि लाल कोणती हे कळले पाहिजे, आईला मुलाच्या जखमेचा लालपणा दिसला पाहिजे. निचिया किंवा ल्युमिनस यांचे असे एलईडी मिळतात. उजेड थोडा कमी पडेल, पण खरा पडेल.

एलईडी तांब्याच्या चकतीवर बसवलेला घ्यावा आणि ती चकती थर्मल पेस्ट लावून अॅल्युमिनियमच्या नळीला घट्ट टेकवावी. प्लास्टिकच्या पाइपात उष्णता कोंडते.

हे सर्व सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पाहावे. तिथे १८६५० आकाराच्या सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले दिसले तर पुढे चालू लागावे. चांगल्या कंपन्यांचे या आकाराचे सेल साधारण २००० ते ३५०० चे असतात.

सेलच्या बाबतीत हयगय नको. आपली घरे लहान, अंथरूण-पांघरूण जवळच असते. फुगलेला, ठेचलेला किंवा वेष्टण फाटलेला सेल वापरू नये. ४.२ व्होल्टला थांबणाऱ्या चार्जरवरच, जागेपणी, कपड्यांपासून दूर चार्ज करावा. मुलांनी मोठ्यांसोबतच हे काम करावे. लहानांनी शिकायचे असेल तर तीन साधे सेल, एक ५ मिलिमीटरचा एलईडी आणि ८२ ओहमचा रेझिस्टर एवढेच घ्यावे. ४.५ मधून ३ व्होल्ट वजा केले की १.५ उरतात. त्यांना ८२ ने भागले की करंट २० मिलिअँपिअरच्या आत येतो. बाद सेल कचऱ्यात टाकू नये. कचरा वेचणाऱ्या आपल्याच भगिनींच्या हातात तो पेट घेऊ शकतो. तो ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावा.

शेवटी एक मल्टिमीटर अवश्य घ्यावा. काहीशे रुपयांत मिळतो. दोन-चार घरांनी मिळून घेतला तरी चालेल. सेलचे व्होल्ट मोजावेत, एलईडीचा करंट मोजावा आणि मुलांकडून वहीत लिहून घ्यावा. कोणी सांगितले म्हणून किंवा चालत आले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, हे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना समजावले. ते विहारात ऐकायचे आणि बाजारात विसरायचे, असे होऊ नये. आम्ही मोजायला शिकलो त्यानंतर आमची दुसरी टॉर्च झाली. ती अजून दाराशी खिळ्याला टांगलेली आहे आणि लाइट गेली की मुलेच आधी तिकडे धावतात.

नमो बुद्धाय, जयभीम.