जुना लॅपटॉप घेताना



मागच्या चातुर्मासात लेकीसाठी जुना लॅपटॉप घ्यायला पुण्याला गेले आणि फसून आले. निम्मा दोष माझाच. चौविहार असल्याने सूर्यास्ताआधी मळवलीत पोचायचं होतं, आणि आपल्याकडे एक लोकल चुकली की पुढचीची वाट बघण्यातच दिवस कलतो. दुकानदाराने चकचकीत, हलका, ‘दोनच वर्षं वापरलेला’ लॅपटॉप पुढे ठेवला. मी चौदा हजार मोजले आणि स्टेशन गाठलं. घरी आल्यावर कळलं, आत सेलेरॉन प्रोसेसर आहे, ४ जीबी रॅम बोर्डालाच चिकटवलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. भाच्याने लिनक्स घातलं तर वायफाय लागेना. दुकानदार परत घेईना. घरखर्चातून महिना महिना बाजूला काढलेले पैसे होते ते. यांना सांगायलाच मला दोन दिवस लागले.

त्यानंतर बरंच वाचलं, विचारलं. आता माझं ठाम मत झालंय: लिनक्ससाठी जुना लॅपटॉप घ्यायचा तर तो किती नवा दिसतो हे बघूच नये, कशासाठी बनवला होता ते बघावं. कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप काही वर्षांनी एकदम बदलतात आणि ते जुन्या बाजारात येतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. दिसायला काळे-करडे, हातात जड. पण त्यातल्या बहुतेकांचे खालचे स्क्रू काढले की रॅम, एसएसडी, बॅटरी बदलता येते. (काही बारीक मॉडेलांत रॅम चिकटवलेलीच असते, तेव्हा विचारून घ्या.)

दुसरी गोष्ट. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप ‘जुने झाले’ म्हणून बाजूला पडतात. लिनक्सला त्याचं काही नाही. लिनक्स मिंट ४ जीबी रॅमवर चालतं, ८ असेल तर छानच. पिढी ओळखायची खूण सोपी: आय-५ ७३००यू यातला ७ म्हणजे सातवी. चालती वस्तू केवळ कुणी नको म्हटली म्हणून भंगारात जावी, हे अपरिग्रह मानणाऱ्या घराला तरी पटू नये.

दुसऱ्या खेपेला सकाळच्या लोकलने गेले. पर्समध्ये उकळलेल्या पाण्याची बाटली आणि मिंट भरलेला पेनड्राइव्ह. त्यावरून लॅपटॉप सुरू केला की आतलं काही न पुसता सगळं तपासता येतं. पहिल्या दुकानात पेनड्राइव्ह लावू देईनात, मी उठले. दुसऱ्याने खुर्ची दिली. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रत्येक कळ बघितली. झाकण मिटून उघडलं, जागा होतो का ते पाहिलं. बॅटरीची मूळ क्षमता आणि आता किती भरते, हे दोन्ही आकडे लिनक्स दाखवतं. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिला नाही ना, हेही पाहिलं. तो असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

थिंकपॅड टी४७० घेतला, २०१७ चं मॉडेल. बॅटरी दमलेली होती, तेवढे पैसे कमी करून घेतले. हा लेख त्यावरच लिहितेय. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आत तयारच होता.

यांच्या दुकानातला कॉम्प्युटर मात्र विंडोजवरच ठेवलाय, कारण टॅली विंडोजसाठीच बनतं. तिथे हट्ट करण्यात अर्थ नाही.

आणि तो चकचकीत लॅपटॉप? त्याला वायफायचं छोटं यूएसबी यंत्र लावलं. दुपारी सासूबाई त्यावर प्रवचन ऐकतात.