विहिरीचा दोर

वाचकहो, विहिरीस मालक असतो. परंतु तिच्या झऱ्यास मालक नसतो. झरा कुंपण ओळखीत नाही. शेजारच्या भूमीत काही घडले म्हणजे त्याचा पहिला निरोप आपल्या कळशीस मिळतो. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील शिरगावकरांस हा धडा फार महाग पडला आहे.

हे गाव आमच्या वाचकांस परके नाही. तेथील देवी लईराई ही म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीची बहीण, अशी गोमंतकीय जनतेची जुनी भावना आहे. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत व्रतस्थ धोंड आधी स्नान करितात आणि मग निखाऱ्यांवरून चालतात. अग्नीच्या या उत्सवासही प्रथम पाणीच लागते.

या गावाच्या डोंगरात लोहखनिज आहे. वरच्या जांभ्या दगडाखाली खनिजाचे जे भुसभुशीत थर असतात, तेच पावसाचे पाणी धरून ठेवतात. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्ड्यात पाणी भरते. काम चालू राहावे म्हणून ते पंपाने बाहेर फेकावे लागते. खड्डा असा कोरडा ठेविला की भोवतालच्या विहिरींचे पाणी त्याच्याकडे ओढले जाते. शिवाय टाकाऊ मातीच्या ढिगांवरून पावसाळ्यात लाल गाळ वाहतो, तो ओहोळ गढूळ करितो आणि भातशेतीत साचतो.

शिरगावात हेच झाले. विहिरी व झरे आटले आणि टँकरची वाट पाहणे नशिबी आले. गाऱ्हाणे उच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या नीरी संस्थेने पाहणी केली, आणि खाणी भूजल पातळीखाली गेल्याचे लोकांचे म्हणणे खरे ठरले. पुढे 2012 साली साऱ्या गोव्यातील खाणकाम थांबले. ते पुन्हा सुरू झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने पुन्हा थांबले. डिसेंबर 2022 मध्ये शिरगाव, मये, मुळगाव या परिसरातील खनिज गटांचा लिलाव झाला. घरे, देवळे, शेते व तळी या गटांच्या सीमेत येतात असे पाहून ती वगळावीत, अशी मागणी ग्रामस्थांनी केली.

ही मागणी आडमुठेपणाची आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. अमेरिकेत खोल खडक दाबाच्या पाण्याने फोडून वायू काढितात. तेथेही पिण्याचे पाणी नासेल या भयाने लोक उठले. फ्रान्सने 2011 साली या रीतीस कायद्याने बंदी केली आणि न्यूयॉर्क राज्याने 2014 साली मनाई जाहीर केली. सुरक्षित पिण्याचे पाणी हा मनुष्याचा मूलभूत हक्क होय, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सांगितले आहे.

आम्ही खाणीचे वैरी नव्हे. खाण बंद पडली तेव्हा ट्रकवाल्यांच्या व मजुरांच्या चुलीही थंडावल्या, हे आम्ही विसरलो नाही. परंतु थांबलेली मजुरी पुन्हा मिळू शकते. तुटलेला झरा पुन्हा जोडता येत नाही. म्हणून पाण्याचा प्रश्न खोदण्यापूर्वी विचारला पाहिजे, विहीर आटल्यावर नव्हे.

खाणीजवळ राहणाऱ्या वाचकांस एक विनंती. पावसाळा सरल्यावर एकदा व वैशाखात एकदा आपल्या विहिरीत दगड बांधून दोर सोडावा. काठापासून पाण्यापर्यंत किती हात दोर लागला, पाणी स्वच्छ की गढूळ, हे तारखेसह वहीत लिहावे आणि ती वही ग्रामसभेपुढे ठेवावी. 'पूर्वी पाणी होते' या तोंडी बोलण्यास कचेरीत वजन नसते. वर्षानुवर्षे लिहिलेल्या वहीस असते. दोन आण्यांच्या शाईने जपलेली ही साक्ष उद्या आपल्या नातवंडांची तहान राखील.