म्हातारपण हे दुसरे बालपण नव्हे

आपल्या महाविद्यालयात ना प्रयोगशाळा, ना सूक्ष्मदर्शक यंत्र. अशा ठिकाणच्या, मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने आतड्यातील जीवाणूंवर लेख लिहावा, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. पण माझे भांडण मुळात एका वाक्याशी आहे आणि वाक्यांशी भांडणे हा तर आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांचा हक्कच आहे. ते वाक्य म्हणजे, 'म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण.' घरोघरी हे वाक्य मायेने उच्चारले जाते आणि त्याच मायेने आजी-आजोबांच्या ताटातला एकेक पदार्थ कमी होत जातो. आधी भाकरी जाते, मग उसळ, मग पालेभाजी आणि कोशिंबीर. शेवटी उरतात मऊ भात, वरणाचे पाणी आणि चहा-बिस्किटे. 'त्यांना आता पचत नाही' एवढे म्हटले की प्रश्न मिटला असे आपण समजतो. मला वाटते, तो तिथूनच सुरू होतो.

आपण खातो ते केवळ आपण एकटे खात नाही. मध्यम बांध्याच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, असा हिशेब २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडला. त्यांचे सगळ्यांचे मिळून वजन पाव किलोही भरत नाही, पण बहुतेक वस्ती मोठ्या आतड्यात असल्यामुळे आपल्या ताटातले उरलेसुरले त्यांच्या वाट्याला येते. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात यांपैकी 'बिफिडोबॅक्टेरिया' या जातीच्या जीवाणूंचे राज्य असते. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. त्या असतात या जीवाणूंसाठी! निसर्गाने एकाच पान्ह्यात दोघांची सोय केली आहे. पुढे मूल वरण-भात, भाजी-भाकरी खाऊ लागते आणि सुमारे तीन वर्षांचे होईतो त्याच्या पोटातली वस्ती बरीचशी मोठ्या माणसासारखी होते.

उतारवयात ही वस्ती पुन्हा बदलू लागते. सगळ्यांची सारखीच बदलते असे नाही. परंतु एरवी दुबळ्या झालेल्या वृद्धांत बिफिडोबॅक्टेरिया घटलेले आढळतात, अन्नातील चोथ्यापासून ब्युटिरेट नावाचे आम्ल बनवणारे जीवाणू कमी होतात आणि संधी साधून उपद्रव देणाऱ्या जातींचे फावते. हे ब्युटिरेट म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न. ते कमी पडले की अस्तर कच्चे होते, नको ती द्रव्ये रक्तात झिरपतात आणि शरीरात एक मंद दाह धुमसत राहतो. म्हातारपणाबरोबर येणाऱ्या या दाहाकडे इटलीचे क्लॉडियो फ्रान्चेस्की यांनी २००० साली जगाचे लक्ष वेधले.

आता पाहा, आमच्या वाक्याची गंमत कशी झाली ती! ज्या जीवाणूंनी बाळाचे पोट भरलेले असते, तेच नेमके वृद्धाच्या पोटातून ओसरतात. बाळ एकाच अन्नावर वाढते, कारण त्या अन्नात जीवाणूंचाही वाटा असतो. मऊ भात आणि बिस्किटांत तो वाटा जवळजवळ नसतोच. म्हणजे बाळासारखे जेवू घालून आपण वृद्धाला बाळाचे पोट देत नाही. उलट आधीच विरळ होत चाललेल्या वस्तीचा शिधा तोडतो.

हा विचार आजचा नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, म्हातारपण हे मोठ्या आतड्यातील सडवणाऱ्या जीवाणूंमुळे येते, असे मत मांडले आणि उपाय म्हणून आंबवलेले दूध सुचवले. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, अर्थात ते रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी. ते स्वतः असे दूध नियमाने घेत आणि १९१६ साली ७१ व्या वर्षी वारले. म्हातारपणाचा सगळा दोष जीवाणूंच्या माथी मारण्यात त्यांची अतिशयोक्ती झाली. पण पोट आणि वार्धक्य यांचा संबंध त्यांनी ओळखला, हे खरे. आज औषधांच्या दुकानात जीवाणूंच्या कुप्या मिळतात. त्या आणून दिल्या की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे : पाहुणे घरी आणले खरे, पण त्यांना वाढणार काय?

या बाबतीत मला सर्वांत बोलका वाटतो तो आयर्लंडमधील कॉर्क या शहरातील अभ्यास. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. तेथील संशोधकांनी १७८ वृद्धांचे जीवाणू तपासले. काही जण आपापल्या घरी राहणारे होते, तर काही शुश्रूषागृहात दीर्घकाळ राहणारे. घरी राहणाऱ्यांच्या आहारात चोथा जास्त आणि विविधता अधिक होती. त्यांच्या पोटातील जीवाणूंतही तशीच विविधता होती. शुश्रूषागृहातल्या मंडळींचे अन्न एकसुरी, तसेच त्यांचे जीवाणूही. आणि जीवाणूंची ही गरिबी जिथे दिसली तिथे अशक्तपणा आणि दाहही जास्त आढळला.

यावर कोणी म्हणेल, माणसे आजारी होती म्हणूनच तिथे होती. आजारामुळे जीवाणू बदलले नसतील कशावरून? आक्षेप रास्त आहे. आजारपण, प्रतिजैविके, अंथरुणाला खिळणे, पडलेले दात या सगळ्यांचा परिणाम होतोच. म्हणून दुसरा एक प्रयोग महत्त्वाचा ठरतो. युरोपातील पाच देशांतल्या ६५ ते ७९ वयाच्या ६१२ जणांचा हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातील काहींना वर्षभर भाज्या, फळे, कडधान्ये, मासे, ऑलिव्हचे तेल असा भूमध्य सागराकाठचा आहार दिला. ज्यांनी तो नेटाने पाळला त्यांच्यात उपयुक्त जीवाणू टिकले किंवा वाढले, दाह कमी दिसला, आणि चालण्याचा वेग, हाताची पकड व स्मरण यांतही फरक जाणवला. वय कोणालाच थांबवता आले नाही. ताट मात्र बदलता आले.

माझ्या आजीने यातले काही वाचलेले नाही. ती ८१ वर्षांची आहे. दात गेले तरी तिने ज्वारीची भाकरी सोडलेली नाही. ताकात कुस्करून खाते. पालेभाजी तिला बारीक चिरून, मऊ शिजवून लागते, पण लागतेच. शेजारच्या काकूंनी 'तुम्ही आता पेजच घेत जा' असे सुचवले तेव्हा ती ताडकन म्हणाली, "मी काय तान्हं लेकरू आहे का?" माझ्या मते या प्रश्नात पचनाइतकाच मानाचाही प्रश्न होता. ताटातून पदार्थ गेले की हळूहळू ताटही पंक्तीतून जाते. खोलीतच काहीतरी नेऊन दिले जाते आणि एकटा माणूस भूक नाही म्हणून अर्धे तसेच ठेवतो.

मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, गिळण्याचा त्रास असेल तर वैद्याचा सल्ला आधी, हे सांगायला नकोच. इतरांसाठी मात्र मऊ करणे आणि कमी करणे या दोन गोष्टी आपण वेगळ्या ओळखायला शिकले पाहिजे. मुगाची उसळ घोटता येते, गाजर किसता येते, नाचणीची आंबील करता येते. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक दरवर्षी वृद्धाश्रमात फळे व बिस्किटांचे पुडे घेऊन जाते. माझी पथकाच्या सरांना आणि मित्रमैत्रिणींना विनंती आहे, की यंदा पुडे राहू द्यावेत. एक दिवस तिथल्या स्वयंपाकघरात आपण भाज्या चिरू, उसळी शिजवू आणि आजी-आजोबांच्या पंक्तीला बसून त्यांच्याबरोबरच जेवू.